पद्मिनीच्या पुढच्या चाकांना दुसऱ्या गाडीचे कॅलिपर बसवावेत का?

कोयनाकाठ:

नमस्कार. आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आता ती मी चालवतो. इंजिनाचे काम करून घेतले आहे, पत्रा चांगला आहे, आणि गाडी शोभेसाठी उभी न ठेवता नियमित वापरायची, असा माझा निश्चय आहे. अडचण ब्रेकची आहे. आमचे गाव पाटण तालुक्यात आणि नातेवाईक चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट वरचेवर उतरावा लागतो. चार माणसे आणि सामान असले की अर्ध्या घाटानंतर पेडल हळूहळू खाली जाऊ लागते, लायनर जळल्याचा वास येतो, आणि पायथ्याला थांबून गाडी थंड होऊ द्यावी लागते. सपाटीवर मात्र ब्रेक समाधानकारक लागतात, गाडी एका बाजूला ओढत नाही आणि ब्रेक ऑइलची गळतीही नाही.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हे सर्वांना ठाऊक आहेच. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने पुढच्या चाकांना मारुती ८०० चे डिस्क आणि कॅलिपर (फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा भाग) बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. ते भंगार बाजारात सहज मिळतात आणि त्यासाठी लागणारा ब्रॅकेट तो स्वतः बनवणार आहे. बाकी सर्व, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग), मागचे ड्रम आणि पाइप, आहे तसेच ठेवायचे, असे त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्या एका परिचितांच्या मते ८०० ऐवजी मारुती एस्टीमचे कॅलिपर घ्यावेत. खर्चाची मला फार चिंता नाही, पण या गाडीत माझी मुले बसतात, म्हणून काम अर्धवट होऊ नये एवढीच इच्छा आहे. कोणत्या गाडीचे कॅलिपर योग्य ठरतील, आणि कॅलिपर बदलल्यावर आणखी काय काय बदलणे भाग पडेल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त यंत्रअभियंता, पुणे:

आपण प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपली तक्रार थांबण्याच्या अंतराची नसून उष्णतेची आहे, आणि पुढचे सर्व निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून राहतील. चार माणसांसह गाडीचे वजन १,२०० किलो धरले आणि घाटात ती ५०० मीटर खाली उतरली, तर जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे ३ लाख ज्यूल जिरतात. म्हणजे इंजिनाची मदत न घेता घाट उतरणे हे ताशी ८० वरून लागोपाठ २० वेळा थांबण्याएवढे काम आहे. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो आणि तो आतल्या शूपासून (लायनर लावलेल्या पट्टीपासून) दूर सरकतो, म्हणून पेडल खाली जाते. लायनरची पकडही तापमानाबरोबर कमी होते. डिस्क तापली तरी ती पॅडपासून दूर सरकत नाही आणि वाऱ्यात उघडी असल्याने लवकर निवते. त्यामुळे घाटाच्या कामासाठी डिस्क बसवण्याचा विचार मुळात बरोबर आहे.

आता कॅलिपर कोणत्या गाडीचा घ्यावा, हा प्रश्न. मारुती ८०० चा कॅलिपर १२ इंची चाकात मावतो, त्यामुळे पद्मिनीच्या १४ इंची चाकात तो सहज बसेल, आणि मेकॅनिक मंडळींना तो आवडण्याचे कारणही हेच असावे. पण ८०० चे स्वतःचे वजन सुमारे ६५० किलो आणि पद्मिनीचे ९०० च्या आसपास. ज्या डिस्कची जाडी आणि व्यास ६५० किलोच्या गाडीसाठी ठरवला, तिच्यावर दीडपटीच्या जवळ जाणारे काम टाकले, तर उष्णतेची तक्रार ड्रममधून निघून डिस्कमध्ये येईल. मी ८०० चे भाग निश्चित नाकारेन. एस्टीमचे वजन पद्मिनीच्या जवळपास आहे, तेव्हा आपल्या परिचितांचा सल्ला योग्य दिशेचा आहे. कॅलिपर ज्या गाडीचा घ्याल, तिचे वजन आपल्या गाडीइतके किंवा थोडे अधिक असावे, आणि डिस्क व कॅलिपर एकाच गाडीचे असावेत. कारण कॅलिपरच्या तोंडाची रुंदी, पॅडचा आकार आणि डिस्कची जाडी ही एकमेकांसाठीच आखलेली असतात.

“बाकी सर्व आहे तसेच ठेवायचे” या वाक्यापाशी मात्र मला थांबावेसे वाटते, कारण खरा धोका तिथे आहे.

ड्रम ब्रेकमध्ये लीडिंग शू ड्रमच्या फिरण्याबरोबर ओढला जातो आणि स्वतःहून अधिक घट्ट दाबला जातो, म्हणजे पायाच्या जोराला ड्रमच हातभार लावतो. डिस्कमध्ये असा हातभार नसतो. पॅड जेवढ्या जोराने दाबाल, तेवढीच पकड मिळते. म्हणून डिस्क असलेल्या बहुतेक मोटारींना व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग, दिलेला असतो. आपल्या गाडीला बूस्टर नसेल, तर नवे कॅलिपर बसवल्यावर पेडल दगडासारखे लागेल आणि ब्रेक पूर्वीपेक्षा कमकुवत झाल्याचा अनुभव येईल.

याचे गणित करून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्यक्ष मापे व्हर्नियरने घ्यावीत. पेडलचे गुणोत्तर ५ (म्हणजे पायाचा जोर पाचपट होतो), कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास ४८ मिलिमीटर, पॅडचा घर्षणांक ०.३५, डिस्कची परिणामकारक त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि टायरची २९ सेंटिमीटर धरू. १,२०० किलोच्या गाडीचा वेग गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट दराने कमी करायचा, तर एकूण ७२० किलोचा रोध हवा आणि त्यातला ६५ टक्के, म्हणजे सुमारे ४७० किलो, पुढच्या चाकांनी द्यायला हवा. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल, तर यासाठी पेडलवर सुमारे ३४ किलोचा जोर लागेल. तोच व्यास २२.२ मिलिमीटर असेल, तर जवळपास ४६ किलो. पहिला आकडा धडधाकट माणसाला जमेल, दुसरा प्रत्येक वळणावर कोणालाही जमणार नाही. घरातील दुसरे कोणी गाडी चालवत असेल, तर पहिलाही जास्तच आहे. मास्टर सिलिंडर लहान केला की जोर कमी लागतो, पण पेडलचा प्रवास वाढतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे. यावर बूस्टर हाच समाधानकारक उपाय आहे, आणि त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डवर व्हॅक्यूमची जोडणी काढावी लागेल. त्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, म्हणजे घाटात इंजिन बंद पडले तरी एक-दोन वेळा ब्रेक लागण्यापुरता व्हॅक्यूम बूस्टरमध्ये शिल्लक राहील.

मास्टर सिलिंडरसंबंधी आणखी एक बाब आहे. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय उचलल्यावरही पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. व्हील सिलिंडरची (ड्रममधील शू ढकलणाऱ्या भागाची) रबरे त्या दाबाने ओठ टेकून बसतात. डिस्कच्या ओळीत हाच दाब राहिला, तर पॅड सतत डिस्कला घासत राहतील, चाक तापेल आणि घाट सुरू होण्यापूर्वीच ब्रेक थकलेले असतील. तो व्हॉल्व्ह पुढच्या ओळीतून काढावा लागतो. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर मात्र ब्रेक ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कसाठी वेगळा, अगदी कमी दाबाचा व्हॉल्व्ह लागतो. आपल्या गाडीत मास्टर सिलिंडर कोणत्या उंचीवर आहे, हे आधी पाहून घ्या. तो एकच कप्प्याचा असेल, तर या निमित्ताने दोन कप्प्यांचा बसवा, म्हणजे एका ओळीची नळी फुटली तरी दुसऱ्या ओळीचे ब्रेक शाबूत राहतील.

शेवटी मागच्या चाकांविषयी, कारण याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डिस्कला तेवढीच पकड देण्यासाठी ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो. तो वाढलेला दाब त्याच पाइपमधून मागच्या ड्रमलाही जातो, आणि ते तर स्वतःहून घट्ट होणारे आहेत. जोराने ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि नेमकी तीच आधी जाम होतात. पुढची चाके जाम झाली तर गाडी सरळ घसरते, पण मागची जाम झाली तर ती फिरते. ओल्या घाटात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून मागच्या ओळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे मी अनिवार्य मानतो. तो हाताने कमी-जास्त करता येणारा असेल तर उत्तम. एकदा मोकळ्या मैदानात पुढची चाके आधी जाम होतील असा तो लावून घ्यावा आणि नंतर त्याला हात लावू नये.

उद्यमनगर टर्नर, कोल्हापूर:

वरील सरांनी हायड्रॉलिकची बाजू पूर्ण मांडली आहे. मी फक्त ब्रॅकेट आणि लेथच्या कामाबद्दल लिहितो, कारण अशी कामे आमच्या गाळ्यात येतात आणि मोडलेली जोडकामेही दुरुस्तीला येतात.

ड्रमची मागची प्लेट ज्या बोल्टांनी स्टब ॲक्सलला (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या भागाला) बसते, तीच छिद्रे ब्रॅकेटसाठी वापरावीत. स्टब ॲक्सलवर वेल्डिंग करू देऊ नये. तो भाग फोर्जिंगचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा चिवटपणा जातो आणि तडा कधी जाईल याचा भरवसा राहत नाही. ब्रॅकेट १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचा, एकाच तुकड्यातून कापलेला असावा. दोन तुकडे वेल्ड करून बनवलेला ब्रॅकेट मी कोणालाही देत नाही. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घ्यावेत आणि त्यांच्या डोक्यावर तो आकडा असल्याची खात्री करावी. हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट इथे चालत नाही, कारण ब्रेक लागताना पुढच्या चाकाचा सर्व रोध कॅलिपरमधून या बोल्टांवरच येतो.

एस्टीमची डिस्क पद्मिनीच्या हबवर सरळ बसणार नाही. हबचा मधला खांदा आणि बोल्टचे वर्तुळ या दोन्हींची मापे घेऊन डिस्क लेथवर धरावी, मधले भोक खांद्याला घट्ट बसेल एवढेच काढावे आणि नवी छिद्रे इंडेक्सिंग करून, म्हणजे वर्तुळावर नेमक्या समान अंतरावर, पाडावीत. डिस्क बोल्टांवर नव्हे, तर खांद्यावर मध्यभागी बसली पाहिजे. बसवल्यावर डायल गेज लावून चाक हाताने फिरवावे. डिस्कच्या पृष्ठभागाचे डगमगणे ०.१ मिलिमीटरच्या आत असावे, नाहीतर पेडल पायाखाली थरथरेल. कॅलिपर सरकणारा असला, तरी त्याचा ब्रॅकेट डिस्कच्या मध्यरेषेवर शिम (पातळ चकत्या) लावून आणावाच लागतो. तसे केले नाही, तर एका बाजूचा पॅड तिरका झिजतो. चाक चढवल्यावर रिमच्या आतल्या बाजूपासून कॅलिपरपर्यंत किमान ३ मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकची रबरी नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना, हेही पाहावे.

कॅलिपरची एअर काढण्याची निपल नेहमी सर्वांत वर आली पाहिजे. मूळ गाडीत कॅलिपर ॲक्सलच्या एका बाजूला असेल आणि तुमच्या ब्रॅकेटमुळे तो दुसऱ्या बाजूला जात असेल, तर उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवावा लागतो. हे लक्षात आले नाही, तर निपल खाली राहते, हवेचा बुडबुडा वरच्या कोपऱ्यात अडकतो आणि कितीही एअर काढली तरी पेडल स्पंजासारखे दबते. लोक अशा वेळी मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

भंगारातून कॅलिपर घेणार असाल, तर पिस्टन बाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर नवा सील टिकणार नाही. सील चौकोनी छेदाचा असतो आणि पाय उचलल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढण्याचे काम तोच करतो, त्यामुळे सील किट नवेच टाकावे. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. जुनी डिस्क त्या मापाच्या जवळ आली असेल तर घेऊ नये, आणि माझे मत विचाराल तर डिस्क, पॅड आणि रबरी नळ्या या तिन्ही वस्तू नव्याच घ्याव्यात.

कोयनाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. आज गाडीखाली जाऊन पाहिले. बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडरवर व्यासाचा आकडा वाचता येत नाही, तो काढून मोजावा लागेल. ८०० च्या कॅलिपरचा विचार मी सोडून दिला आहे. दोन गोष्टी आणखी विचारतो. हँडब्रेकवर या बदलाचा काही परिणाम होईल का? आणि आरटीओ किंवा विमा कंपनीकडून अडचण येऊ शकते का?

नोंदणी आणि विमा, ठाणे:

हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो आणि मागचे ड्रम तुम्ही ठेवणारच आहात, त्यामुळे त्यात काहीही बदल होत नाही.

कायद्याची बाजू मात्र गांभीर्याने घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. प्रमाणपत्रावर ब्रेकच्या प्रकाराचा रकाना नसतो, म्हणून हा बदल आपोआप वैध ठरतो, असे मात्र मी म्हणणार नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्या वेळी निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत ब्रॅकेटचे रेखाचित्र आणि भागांची यादी जोडावी, आणि मिळालेले उत्तर जपून ठेवावे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, कारण न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर दावा नाकारण्यासाठी तेवढे कारण पुरते.

मूळ ड्रम, प्लेट आणि शू तेल लावून घरी ठेवा. बोल्टने बसणारा ब्रॅकेट असेल, तर गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते. गाडीला ५० वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंद ‘व्हिंटेज’ वर्गात करण्याची सोय केंद्राने २०२१ मध्ये नियमांत केली आहे आणि तिथे मूळ स्वरूपाला महत्त्व आहे. आपल्या गाडीसाठी ती वेळ २०३६ मध्ये येईल.

फियाटप्रेमी, कुर्ला:

मी थोडे वेगळे मत नोंदवतो. डिस्कला माझा विरोध नाही. इटलीत फियाटने स्वतःच १९६६ च्या ११०० आर या मॉडेलला पुढे डिस्क दिले होते. आपल्याकडची गाडी त्याच्या आधीच्या ११०० डी वर बेतलेली राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटपर्यंत ड्रम घेऊनच बाहेर पडली. पुढे प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क होते. म्हणजे या घराण्याला डिस्क परके नाहीत.

तरीही माझा आग्रह असा आहे, की आहेत ते ड्रम आधी पूर्ण क्षमतेवर आणावेत आणि मगच निर्णय घ्यावा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी याच ड्रमवर लाखो किलोमीटर चालल्या. त्यांना घाट नव्हता हे खरे, पण आपल्या गाडीचे ड्रम शेवटचे लेथवर कधी लावले होते, त्यांचा आतला व्यास किती वाढला आहे आणि लायनर शूच्या पूर्ण लांबीवर टेकतो का, याचा उल्लेख प्रश्नात नाही. पुन्हा पुन्हा घासून पातळ झालेला ड्रम उष्णता साठवू शकत नाही आणि लवकर फुगतो. आपण सांगितलेली लक्षणे त्यालाही तंतोतंत लागू पडतात. ब्रेक ऑइल किती जुने आहे, हेही सांगितलेले नाही. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण हवेतील ओलावा शोषून घेतल्यावर तोच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चा तर त्याहून कमी, नवे असताना २०५ आणि ओलावा शोषल्यावर १४०. कोयनेच्या पावसात वावरणाऱ्या गाडीत ऑइलमध्ये वाफ होणे अगदी शक्य आहे, आणि वाफ झाली की कॅलिपर कोणत्याही गाडीचा असो, पेडल खाली जाणारच.

घाट उतरताना आपण कोणता गिअर ठेवता, हेही कळवावे. ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढते, त्याच गिअरमध्ये उतरली, तर वर सरांनी मोजलेल्या ५९ लाख ज्यूलपैकी मोठा वाटा इंजिन आणि हवेचा रोध घेतात.

निवृत्त यंत्रअभियंता, पुणे:

फियाटप्रेमींचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ४ भरा, ड्रमचा आतला व्यास मोजून घ्या आणि ड्रमवर कोरलेले किंवा दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले कमाल माप पाहा. ड्रम मापात असतील, तर लायनर बदलून, शू नीट लावून, खालच्या गिअरमध्ये एकदा तोच घाट तेवढ्याच वजनासह उतरून पाहा. पेडल जागेवर राहिले, तर डिस्कची घाई नाही. ड्रम मापाबाहेर गेले असतील किंवा एवढे करूनही पेडल खाली गेले, तर एस्टीमची डिस्क व कॅलिपर, बूस्टर, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि मागच्या ओळीचा व्हॉल्व्ह हे सर्व एकाच वेळी बसवा. यातला एखादा भाग पुढच्या महिन्यावर ढकलावा लागणार असेल, तर पूर्ण कामच पुढच्या महिन्यावर ढकला. मास्टर सिलिंडर मोजलात की व्यास इथे कळवा, पेडलच्या गुणोत्तरासह बूस्टरचे माप काढून देतो.